१२,३४,५६,७८९ चे गुणधर्म हाताने काढताना : क्रम, ताळे आणि नेहमी होणाऱ्या चुका

एखादी मोठी संख्या देऊन तिला एकूण किती विभाजक आहेत, त्या विभाजकांची बेरीज किती, तिच्याहून लहान अशा किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत (म्हणजे १ शिवाय त्यांचा तिच्याशी सामाईक विभाजक नाही), असे विचारले की बहुतेक जण थेट सूत्राला हात घालतात. सूत्रे लहान असतात आणि अनेकांना ती पाठही असतात. चूक होते ती त्याच्या बरीच आधी, अवयव पाडताना. आणि तिथे एकदा घसरले की पुढची सगळी उत्तरे सूत्रात नीट बसूनही चुकीची येतात. म्हणून या लेखात सूत्रांना थोडी आणि अवयवांना पुष्कळ जागा दिली आहे.

उदाहरणासाठी १ ते ९ हे अंक ओळीने लिहून होणारी संख्या घेतली आहे : बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. ही संख्या लहान मुलालाही म्हणता येते, पण तिचे अवयव विचारले तर ९ च्या पुढे फार थोडे लोक जातात, आणि जे जातात त्यांच्यापैकीही बरेच जण ‘उरलेली संख्या मूळ आहे’ (म्हणजे तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नाही) असे लिहून थांबतात. ती मूळ नाही.

## तयारी

चौकटींची वही घ्यावी. हा शाळकरी सल्ला वाटेल, पण नऊ अंकी भाज्याच्या भागाकारात अंक आपल्या रकान्यातून अर्धा घर जरी सरकला तरी पुढचा अंक खाली घेताना चूक होते, आणि कोऱ्या कागदावर तो हमखास सरकतो. उजव्या पानावर कच्चे काम करावे आणि डाव्या पानावर फक्त पक्के झालेले अवयव लिहावेत. कच्च्या कामात मध्येच कुठेतरी लिहिलेला ३ पुढे दोनदा धरला जाणे किंवा अजिबात न धरला जाणे, हे माझ्याकडून इतक्या वेळा झाले आहे की आता डावे पान मी आधी आखून घेतो.

वहीच्या वरच्या बाजूला ६१ पर्यंतच्या मूळ संख्या लिहून ठेवाव्यात : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. या अठरा आहेत; लिहून झाल्यावर मोजाव्यात. एकोणीस भरल्या तर ५१ किंवा ५७ आत शिरली असण्याची शक्यता मोठी आहे (५१ म्हणजे ३ × १७ आणि ५७ म्हणजे ३ × १९).

सावधान : दुकानात असतो तो आठ अंकी कॅल्क्युलेटर या संख्येला चालत नाही. नववा अंक तो घेतच नाही, पडद्यावर १२३४५६७८ एवढेच राहते, आणि मग आपली विषम संख्या सम होऊन तिला २ ने भाग जाऊ लागतो. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर नऊ अंक घेतो, पण भागाकार पूर्ण गेला की नाही हे दशांश चिन्हापुढील अंक पाहून ठरवू नये. पूर्ण भागाकार घेऊन त्याला भाजकाने गुणावे आणि बाकी स्वतः काढावी.

## टप्पा १ : संख्या तीन प्रकारे मांडणे

संख्या उतरवून घेताना ती तीन वेगवेगळ्या गटांत लिहावी, कारण पुढच्या कसोट्यांना वेगवेगळे गट लागतात.

वाचण्यासाठी, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह : १२,३४,५६,७८९

७, ११, १३, २७ आणि ३७ यांच्या कसोट्यांसाठी, उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट : १२३ | ४५६ | ७८९

११ आणि १०१ यांच्या कसोट्यांसाठी, उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट : १ | २३ | ४५ | ६७ | ८९

आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम पहिल्या तीन अंकांनंतर दर दोन अंकांनी येतात, त्यामुळे ते वरच्या दोन्हींपैकी कोणत्याच कसोटीला उपयोगी नाहीत. तरीही सवयीने त्याच गटांवर कसोटी लावली जाते, आणि मराठी वाचकांच्या वहीत मला सर्वांत जास्त दिसलेली चूक हीच आहे. ७, ११ व १३ साठी उजवीकडून गट एक सोडून एक वजा-अधिक करायचे असतात. योग्य गटांनी ७८९ − ४५६ + १२३ = ४५६ येते, आणि ४५६ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास ५, १३ ने भागल्यास १ उरते. स्वल्पविरामांच्या गटांनी मात्र ७८९ − ५६ + ३४ − १२ = ७५५ येते, ज्यातून ७ ची बाकी ६ आणि ११ ची ७ निघते. दोन्ही चूक. १३ ची बाकी तेवढी योगायोगाने १ च येते, आणि ताळा करणाऱ्याने नेमकी तीच तपासली तर सगळे ठीक आहे असे वाटून तो पुढे जातो.

ताळा : अंक नऊ आहेत का, आणि त्यांची बेरीज ४५ येते का, हे पाहूनच पान उलटावे.

## टप्पा २ : २, ३ आणि ५ यांचा निकाल

एकक स्थानी ९ आहे. संख्या विषम आहे म्हणून २ गेला, आणि त्याच्याबरोबर ४, ६, ८, १० हे सगळेच गेले. त्यांच्या कसोट्या वेगळ्या लावत बसू नये. एकक स्थानी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ ही गेला.

अंकांची बेरीज ४५ आहे. तिला ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून दिलेल्या संख्येलाही ९ ने भाग जातो.

सावधान : ४५ ला ५ ने आणि १५ नेही भाग जातो, पण त्यावरून दिलेल्या संख्येबद्दल काहीच ठरत नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी फक्त ३ आणि ९ यांच्यासाठी आहे, कारण १०, १००, १००० यांना ३ ने किंवा ९ ने भागल्यावर प्रत्येक वेळी बाकी १ उरते. ५ किंवा २७ च्या बाबतीत तसे होत नाही.

## टप्पा ३ : ३ चा घात पूर्ण काढणे

अवयव सापडला की त्याचा घात संपेपर्यंत पुढे सरकायचे नाही, हा नियम इथे लागू करावा. ९ ने भाग दिला की १३७१७४२१ उरते. या नव्या संख्येच्या अंकांची बेरीज २६ आहे आणि २६ ला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ चा घात नेमका २.

हे दुसऱ्या वाटेनेही पाहता येते. तीन-तीन अंकांचे गट सरळ बेरजेत घ्यावेत : १२३ + ४५६ + ७८९ = १३६८. याला २७ ने भागल्यास बाकी १८ उरते. १८ ला ९ ने भाग जातो, २७ ने जात नाही, उत्तर जुळले. याच १३६८ ला ३७ ने भागले तर बाकी ३६ उरते, तेव्हा पुढच्या यादीतला ३७ आत्ताच बाद झाला. एकाच बेरजेतून दोन निकाल मिळतात, कारण ९९९ = २७ × ३७.

डाव्या पानावर आता लिहावे : ३². आणि खाली, ‘उरले १३७१७४२१’. येथून पुढे सर्व काम या आठ अंकी संख्येवर करायचे. मूळच्या नऊ अंकी संख्येकडे परत जायचे नाही.

## टप्पा ४ : ७ पासून पुढचे भागाकार

७, ११ आणि १३ यांनी दिलेल्या संख्येला भाग जात नाही हे पहिल्या टप्प्यातच दिसले, त्यामुळे तिच्या तुकड्यालाही जाणार नाही. १७ पासून मात्र सरळ भागाकार करावा लागतो. १७, १९ यांच्यासाठीही शेवटचा अंक वेगळा काढून करायच्या युक्त्या आहेत, पण त्या आठ अंकांवर चालवताना जितका वेळ जातो तितक्यात भागाकार होऊन जातो, शिवाय त्यांतून खरी बाकी कळत नाही आणि ताळ्याला आपल्याला बाकीच हवी असते.

१७ चा भागाकार जवळून पाहू, कारण नेहमीची चूक त्यात दोनदा करता येते. १३७ मध्ये १७ आठ वेळा, १३६, उरला १. पुढचा १ खाली घेतला की ११ होतात. ११ मध्ये १७ जात नाही, म्हणून भागाकारात ० लिहायचे आणि मगच पुढचा ७ खाली घ्यायचा. ११७ मध्ये सहा वेळा, १०२, उरले १५. ४ खाली, १५४; नऊ वेळा, १५३; उरला १. २ खाली, १२. पुन्हा जात नाही, पुन्हा ०. १ खाली, १२१, सात वेळा, ११९, बाकी २. भागाकार ८०६९०७.

जे ही शून्ये गाळतात त्यांचा भागाकार ८६९७ येतो. बाकी बरोबरच असल्यामुळे ‘भाग जात नाही’ हा निष्कर्षही बरोबर निघतो आणि चूक झाकली जाते. पण ज्या भाजकाने खरोखर भाग जातो तिथे हीच सवय पुढची संपूर्ण संख्या बदलून टाकते. ८६९७ कडे नुसते पाहिले तरी खटकायला हवे, कारण एक कोटीच्या वरच्या संख्येला १७ ने भागून दहा हजारांच्या आत उत्तर येणार नाही.

ताळा : १७ × ८०६९०७ = १३७१७४१९, अधिक बाकी २ = १३७१७४२१.

१३७१७४२१ च्या पुढच्या बाक्या अशा आहेत, आपल्या वहीशी त्या ताडून पाहाव्यात : १९ ने १०, २३ ने १४, २९ ने १५, ३१ ने १४, ३७ ने ४, ४१ ने १०, ४३ ने ३४, ४७ ने १. बाकी १ उरली म्हणून ‘जवळजवळ गेला’ असे काही नसते. एकतर बाकी ० उरते नाहीतर भाग जात नाही.

## टप्पा ५ : इथे थांबून वाट बदलायची

भागाकार कुठपर्यंत चालवायचे याची मर्यादा वर्गमूळ ठरवते. ३७०३² = १३७१२२०९ आणि ३७०४² = १३७१९६१६, म्हणून १३७१७४२१ चे वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या मध्ये आहे. ती संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव ३७०३ च्या आत असलाच पाहिजे. म्हणजेच ती मूळ आहे असे म्हणण्यासाठी ३७०३ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागेल.

नेमके इथेच लोक हात टेकतात. दहा-पंधरा भागाकार करून, फार तर १०० पर्यंत जाऊन, कशानेच भाग जात नाही असे पाहून ते उरलेली संख्या मूळ असल्याचे लिहितात. प्रत्यक्षात या संख्येला भाग जाणारी पहिली मूळ संख्या ३६०७ आहे, आणि मूळ संख्यांच्या यादीत ती ५०४ वी येते. पाचशे तीन भागाकार फुकट गेल्यावर पाचशे चौथा लागू पडणार असेल, तर चिकाटीचे कौतुक करण्यापेक्षा रीत बदलणे शहाणपणाचे.

ती रीत फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची. कोणत्याही दोन विषम संख्यांचा गुणाकार हा दोन वर्गांचा फरक म्हणून लिहिता येतो : दोन्ही अवयवांच्या मधोमध जी संख्या येते तिचा वर्ग, वजा दोन्ही अवयवांतील फरकाच्या निम्म्याचा वर्ग. म्हणून वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची, आणि उरलेले पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. नसेल तर पुढचा पूर्णांक घ्यायचा.

पहिला प्रयत्न, ३७०४ : १३७१९६१६ − १३७१७४२१ = २१९५. एकक स्थानी ५ असलेला पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो; हा ९५ ने संपतो. वर्गमूळ काढायची गरजच नाही, हा बाद.

दुसरा प्रयत्न, ३७०५ : याचा वर्ग नव्याने काढू नये. मागच्या फरकात ३७०४ + ३७०५, म्हणजे ७४०९, मिळवले की झाले. २१९५ + ७४०९ = ९६०४. आणि ९६०४ = ९८².

म्हणून १३७१७४२१ = ३७०५² − ९८² = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३.

पाचशे भागाकारांचे काम दोन प्रयत्नांत झाले. मात्र ही रीत नेहमीच इतकी उदार नसते, हे लगेच सांगायला हवे. इथे दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ, वर्गमूळाच्या दोन्ही अंगांना आहेत, म्हणून ती चटकन लागू पडली. एक अवयव लहान आणि दुसरा फार मोठा असेल तर ती भागाकारापेक्षाही रेंगाळते. माझा रिवाज असा : ५० च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून घ्यावे, मग फर्माचे वीस-पंचवीस प्रयत्न करावेत, आणि तरीही काही हाती लागले नाही तर मुकाट्याने पुन्हा भागाकाराकडे वळावे.

सावधान : ३² आधी बाहेर न काढता फर्माची रीत थेट १२३४५६७८९ वर चालवली तर काय होते, ते करून पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला अंदाजाने ११११११ किंवा ११११ असा आकडा धरू नये. ११११११ हा सहा अंकी आहे. हवा तो पाच अंकी : १११११. त्याचा वर्ग १२३४५४३२१ हा आपल्या संख्येहून लहान आहे, म्हणून १११११ च्या पुढच्या ११११२ पासून सुरुवात करावी. १९७५५, ४१९८० आणि ६४२०७ हे पहिले तीन फरक पूर्ण वर्ग नाहीत; चौथ्या प्रयत्नात, १११११ + ४ = ११११५ ला, ८६४३६ = २९४² मिळते आणि अवयव येतात १०८२१ व ११४०९. आनंदाच्या भरात हे दोन्ही मूळ मानले जातात. पण १०८२१ च्या अंकांची बेरीज १२ आणि ११४०९ ची १५. दोघांनाही ३ ने भाग जातो. एकसारख्या अंकांची अशी संख्या उतरवताना अंक मोजूनच लिहावेत, डोळ्यांवर भिस्त ठेवू नये.

## टप्पा ६ : सापडलेले अवयव खरोखर मूळ आहेत का

फर्माची रीत अवयव देते, मूळ अवयव देईलच असे नाही. म्हणून ३६०७ आणि ३८०३ यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो गाळला जातो.

६०² = ३६०० आणि ६१² = ३७२१, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरेत. ६२² = ३८४४ असल्यामुळे ३८०३ साठी मात्र ६१ ही लागते; दोन्हींसाठी एकच मर्यादा धरून ५९ ला थांबणे ही इथली ठरलेली चूक आहे. २, ३ आणि ५ यांनी दोघांनाही भाग जात नाही हे नुसते पाहून कळते.

३६०७ च्या बाक्या : ७ ने २, ११ ने १०, १३ ने ६, १७ ने ३, १९ ने १६, २३ ने १९, २९ ने ११, ३१ ने ११, ३७ ने १८, ४१ ने ४०, ४३ ने ३८, ४७ ने ३५, ५३ ने ३, ५९ ने ८.

३८०३ च्या बाक्या : ७ ने २, ११ ने ८, १३ ने ७, १७ ने १२, १९ ने ३, २३ ने ८, २९ ने ४, ३१ ने २१, ३७ ने २९, ४१ ने ३१, ४३ ने १९, ४७ ने ४३, ५३ ने ४०, ५९ ने २७, ६१ ने २१.

कुठेही ० नाही. दोन्ही मूळ. डाव्या पानावर आता पक्के उत्तर लिहावे :

१२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

या बाक्यांचा आणखी एक उपयोग होतो. ३६०७ ची १७ ने उरलेली बाकी ३ आणि ३८०३ ची १२. गुणाकार ३६, त्याला १७ ने भागून बाकी २. चौथ्या टप्प्यात १३७१७४२१ ला १७ ने भागून हीच बाकी आली होती. अशा दोन-तीन जोड्या जुळवून पाहिल्या की दोन्ही ठिकाणचे भागाकार एकदम तपासले जातात.

## टप्पा ७ : गुणाकाराचा ताळा

नऊचा ताळा आधी. ३६०७ च्या अंकांची बेरीज १६, पुन्हा बेरीज ७; ३८०३ ची १४, म्हणजे ५; ७ × ५ = ३५, म्हणजे ८. तिकडे १३७१७४२१ ची बेरीज २६, म्हणजे ८. जुळले.

नऊच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही. घाईत १३७१७४२१ ऐवजी १३७१४७२१ लिहिले गेले तरी बेरीज २६ च राहते. म्हणून त्याच्या जोडीला अकराचा ताळा करावाच : ३६०७ ची बाकी १०, ३८०३ ची ८, गुणाकार ८०, त्याची बाकी ३, आणि १३७१७४२१ ची बाकीही ३. उलटसुलट झालेल्या १३७१४७२१ ची बाकी ९ येते, तेव्हा ती चूक इथे सापडते.

## टप्पा ८ : विभाजक मोजणे आणि त्यांची यादी

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा : (२ + १) × (१ + १) × (१ + १) = १२. ३६०७ आणि ३८०३ यांच्या डोक्यावर घातांक लिहिलेला नसतो, म्हणून तो ० धरला जाण्याची चूक होते. तो १ आहे. जे पाचव्या टप्प्यात १३७१७४२१ ला मूळ मानून थांबले त्यांचे उत्तर ६ येईल, आणि १०८२१ व ११४०९ वर थांबलेल्यांचे ४.

यादी करताना एकट्या-एकट्या संख्या आठवत बसू नये. १, ३, ९ ही ओळ लिहावी आणि तिला क्रमाने ३६०७ ने, ३८०३ ने आणि दोघांच्या गुणाकाराने गुणावे :

१, ३, ९

३६०७, १०८२१, ३२४६३

३८०३, ११४०९, ३४२२७

१३७१७४२१, ४११५२२६३, १२३४५६७८९

ताळा : पहिल्या ओळीतील पहिली आणि चौथ्या ओळीतील शेवटची, तसेच १०८२१ आणि ११४०९, अशा जोड्यांचा गुणाकार प्रत्येक वेळी दिलेली संख्या यायला हवा. सहा जोड्या पूर्ण होतात, मधोमध एकटी संख्या उरत नाही. म्हणजे ही संख्या पूर्ण वर्गही नाही.

## टप्पा ९ : विभाजकांची बेरीज

प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची १ पासून बेरीज करून त्या बेरजांचा गुणाकार करायचा : (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६.

पहिल्या कंसात मधला ३ गाळून १० धरणारे पुष्कळ असतात. त्यांची बेरीज १३७२४८३२० येते, आणि ती दिलेल्या संख्येहून मोठीच असल्याने संशय येत नाही. वरच्या यादीच्या चार ओळींची बेरीज (१३, ४६८९१, ४९४३९, १७८३२६४७३) प्रत्यक्ष करून पाहिली की शंका राहत नाही.

या बेरजेतून खुद्द संख्या वजा केली तर ५४९६६०२७ उरतात. ही उरलेली बेरीज संख्येहून कमी भरली तर संख्या न्यून आणि जास्त भरली तर विपुल म्हणायची; इथे ती संख्येच्या निम्म्याहूनही कमी आहे, म्हणून संख्या न्यून ठरते. वजाबाकी न करताच एकूण बेरीज दिलेल्या संख्येशी ताडून ‘विपुल’ असे लिहिणे, ही चूक इतकी सर्रास होते की उत्तरपत्रिका तपासताना मी आधी तीच शोधतो.

## टप्पा १० : सहमूळ संख्यांची मोजणी

१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्यांना परस्परांशी सहमूळ म्हणतात. त्यांची मोजणी अशी : ३² साठी ९ − ३ = ६, ३६०७ साठी ३६०६, ३८०३ साठी ३८०२. गुणाकार ६ × ३६०६ × ३८०२ = ८२२६००७२.

३² साठी ९ − १ = ८ धरू नये; एक वजा करायचा तो फक्त घात १ असलेल्या मूळ अवयवाच्या बाबतीत. उत्तराचा अंदाजही करता येतो. नुसत्या ३ ने भाग न जाणाऱ्या संख्या दोन तृतीयांश, म्हणजे ८२३०४५२६ असतात, आणि उरलेले दोन मूळ अवयव मोठे असल्याने त्यातून थोड्याच गळतात. तेव्हा उत्तर या आकड्याहून किंचित लहान आणि सम असायला हवे. आहे.

## टप्पा ११ : किरकोळ प्रश्न, पण फसवे

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या लिहिता येते का? शेवटचे दोन अंक ८९, ४ ने भागून बाकी १. आणि ‘बाकी १ असेल तर येते’ हा नियम आठवून लोक होकार देतात. तो नियम मूळ संख्यांचा आहे. संयुक्त संख्येत ४ ने भागून बाकी ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घात सम असावा लागतो. ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३ आहे आणि दोघांचाही घात १ आहे. लिहिता येत नाही.

दोन वर्गांचा फरक म्हणून मात्र ती सहा प्रकारे लिहिता येते, विभाजकांच्या प्रत्येक जोडीचा एक. १ आणि खुद्द संख्या या जोडीतून ६१७२८३९५² − ६१७२८३९४² मिळते.

आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. इथे बेरीज ४५ आहे, आणि ४५ ने भाग जायला ५ नेही जावा लागतो. एकक स्थानी ९ आहे. हर्षद नाही.

## सरावासाठी

हेच टप्पे ९८७६५४३२१ वर चालवावेत. अंकांची बेरीज तीच, ३ चा घातही तोच, पण यावेळी चौथ्या टप्प्यातच १७ ने भाग जातो, आणि फर्माच्या रीतीकडे वळण्याआधीच संख्या लहान होऊ लागते. शेवटी ३७९७२१ उरेल. तिचे वर्गमूळ ६१६ च्या किंचित पुढे आहे, म्हणून ६१३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागण्याची तयारी ठेवावी. ती मूळ आहे, तेव्हा भाग कशानेच जाणार नाही. विभाजकांची संख्या १८ यायला हवी. १२ आली, तर १७ ने एकदाच भागून पुढे सरकल्याची ती खूण आहे; टप्पा ३ मधला पहिला नियम पुन्हा वाचावा आणि ६४५५२५७ ला आणखी एकदा १७ ने भागून पाहावे.